हिवरे बाजार : वस्ती आणि वाटा

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की गावाची शिरगणती आपोआप होते. वर्गणीची यादी करावयास मंडळी बसली म्हणजे घरटी एकेक नाव पुढे येते. कोण गावात आहे, कोण नगरला राहते, कोण पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त गेले, कोणाच्या वाड्याला कुलूप आहे, हे सारे त्या यादीत उतरते. सरकारी जनगणना दहा वर्षांनी होते. देवळाच्या निमित्ताने होणारी ही शिरगणती पिढीतून एखाद्या वेळीच होते. म्हणून अशा प्रसंगी शिखर-सभामंडपाच्या हकिकतीबरोबरच गावच्या माणसांचीही हकिकत लिहून ठेवणे योग्य होय. माणसे गावातून कोणत्या वाटेने गेली, का गेली आणि परत कशी आली, एवढाच या लेखाचा विषय आहे.

गावाचे ठिकाण

हिवरे बाजार हे नगर तालुक्यातील गाव. नगर शहरापासून सोळा-सतरा किलोमीटर अंतर. नगर-कल्याण रस्ता सोडून आत वळावे लागते. गाव डोंगराच्या कुशीत असून गावशिवार पावणेदहाशे हेक्टरांच्या आसपास आहे. प्रदेश पर्जन्यछायेचा; वर्षाकाठी सरासरी 400 मिलिमीटर पाऊस पडला तर पडला. ग्रामदैवत श्री यशवंतबाबा. पूर्वी हे गाव तालमीचे व पहिलवानांचे म्हणून पंचक्रोशीत ओळखले जाई.

गावाच्या नावातच 'बाजार' आहे. ज्या गावाच्या नावाला बाजार जोडला जातो ते गाव कोणे एके काळी लोकांच्या येण्या-जाण्याचे ठिकाण असले पाहिजे, हे उघड आहे. जवळचे नगर शहर 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहाने वसविले. तेव्हापासून या मुलखात बैलांचे तांडे, घोडी व फौजा यांची वर्दळ होती. परंतु साध्या कुणब्याचे जग तेवढे मोठे नव्हते. त्याची वाट शेतापर्यंत, पाहुण्यांच्या गावापर्यंत, आठवड्याच्या बाजारापर्यंत आणि वर्षातून एकदा पंढरीपर्यंत. बैलगाडीने नगरास जाऊन परत यावयाचे तर सबंध दिवस मोडे.

पहिली वाट : आगगाडी

नगर जिल्ह्यात आगगाडी आली ती दुष्काळाबरोबर. 1876-77 चा मोठा दुष्काळ दख्खनवर पडला. सरकारने लोकांना मजुरी मिळावी म्हणून जी कामे काढली, त्यांत दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकामही होते. उपाशी माणसांनी पाट्या वाहून भराव घातला आणि 1878 मध्ये या मार्गावर गाडी धावू लागली. धान्य बाहेरून आणण्याची सोय झाली, ही मोठीच गोष्ट. तशीच माणूस बाहेर नेण्याचीही सोय झाली. मुंबईच्या गिरण्या व गोदी त्याच सुमारास वाढत होत्या. दौंडला किंवा मनमाडला गाडी बदलली की मुंबई गाठता येऊ लागली.

पुढच्या पंचवीस वर्षांची गोष्ट जनगणनेच्या आकड्यांत दिसते. 1891 मध्ये नगर जिल्ह्याची लोकसंख्या 8,88,755 होती. 1901 मध्ये ती 8,37,695 भरली. दहा वर्षांत माणसे वाढावयाची ती एकावन्न हजारांनी घटली. मधल्या काळात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पडले व प्लेगही आला. काही मेले, काही परागंदा झाले. वरील आकडे जिल्ह्याचे आहेत. परंतु ज्या डोंगराळ, कोरडवाहू गावांच्या दुःखातून ते बनले, हिवरे बाजार त्याच पट्ट्यातले.

त्यानंतर जिल्ह्याचे जणू दोन भाग पडले. उत्तरेकडे भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि लोणीस 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तिकडे ऊस आला, पैसा आला, मजुरास काम आले. दक्षिणेकडील नगर, पारनेर, कर्जत, जामखेड हे तालुके आभाळाकडे पाहत राहिले.

दुसरी वाट : एस. टी. आणि खडीची सडक

स्वातंत्र्यानंतर वाटा बदलल्या. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली, ही गोष्ट नगरकर आजही अभिमानाने सांगतात. महाराष्ट्रातील एस. टी.चा आरंभच नगरच्या रस्त्यावर झाला. पण हमरस्त्यावर मोटार आली म्हणजे ती आडबाजूच्या गावात आली असे होत नाही. हमरस्त्यापर्यंत पायी जावे, तेथे झाडाखाली बसावे आणि गाडीस जागा असली तर चढावे, असा बहुतेक खेड्यांचा रिवाज होता. पावसाळ्यात ओढ्यास पाणी असले म्हणजे तेही बंद. आजारी माणूस बाजेवर घालून चौघांनी वाहून न्यावा लागे.

पुढे 1972 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना निराळे सांगावयास नको. मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे ही त्या वर्षाची ओळख. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. बायकांनी पाळण्यातले मूल झाडाच्या फांदीला झोळीत टांगून हातोडी चालविली. या कामांतून पाझर तलाव व नालाबांध झाले, पण त्याहून जास्त रस्ते झाले. महाराष्ट्रातील कितीतरी खेड्यांची पहिली सडक ही बहात्तरच्या दुष्काळाची सडक आहे.

म्हणजे दुसऱ्या वेळीही उपाशी माणसांनी वाट बांधली आणि त्याच वाटेने पुष्कळजण गाव सोडून गेले. रस्ता झाला म्हणून माणसे गेली, असे मात्र म्हणता येणार नाही. रस्ता कोणास ओढून नेत नाही. विहिरींना पाणी नव्हते, डोंगरावरची झाडे जळणासाठी तुटली होती, गुरांना चारा नव्हता. घरात काही उरले नाही म्हणजे मनुष्य दाराबाहेर पाहतो. दाराबाहेर रस्ता होता, एवढेच.

हिवरे बाजारातून माणसे नगर, पुणे व मुंबईकडे मोलमजुरीस गेली. मागे राहिलेल्यांची स्थिती फारशी निराळी नव्हती. हा काळ झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तालमीच्या गावात दारूच्या भट्ट्या झाल्या, तंटे वाढले, कोर्टकचेऱ्या वाढल्या. सरकारी नोकरास या गावी बदली म्हणजे शिक्षा वाटे. ज्या गावात गुरुजी व ग्रामसेवक रमत नाहीत, त्या गावात पोरांनी रमावे तरी कसे?

कागदावरचे गाव

येथे वस्तीच्या मोजणीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जनगणना साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. कोरडवाहू गावातील माणूस त्याच दिवसांत कामासाठी बाहेर असतो. सातबारा गावचा, शिधापत्रिका गावची, मतदार यादीत नाव गावचे, आणि माणूस मात्र दुसऱ्या तालुक्यातील वीटभट्टीवर किंवा शहरातील झोपडीत. मोजणारा येईल त्या दिवशी घरास कुलूप असले तर त्या घरातील माणसे गावच्या मोजणीतून सुटू शकतात. सबब कागदावरचे गाव आणि प्रत्यक्षातले गाव यांत अंतर पडते.

हे अंतर नुसते कागदाचे नसते. सरकारी कामात पुष्कळ गोष्टी डोक्यांच्या हिशेबाने मिळतात. ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या लोकसंख्येवरून ठरते. वित्त आयोगाचा निधी वाटताना मोठा भाग लोकसंख्येस दिला जातो. 2000 मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, तेव्हा हजारावर वस्तीची गावे आधी, मग पाचशेवरची, असा क्रम ठरला. एस. टी.ची फेरीदेखील उतारूंवरच टिकते. माणसे गेली की आकडा उतरतो. आकडा उतरला की रस्ता, फेरी, शाळेचा वर्ग यांचा नंबर मागे पडतो. आणि ते मागे पडले की उरलेली माणसेही जातात. हे चक्र ज्या गावाला लागले ते गाव हळूहळू वठते. एखाद्या वर्षी कोणी त्याची हत्या केली असे दिसत नाही. फक्त दरसाल दोन-चार कुलपे वाढतात.

डोंगरावरचे काम

हिवरे बाजारचे चक्र उलटे फिरले ते 1989 नंतर. त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली आणि एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. शिकलेला तरुण शहराची वाट धरतो, हा तेव्हाचा नियम होता. शिकून गावातच राहिलेला हा तरुण त्यास अपवाद ठरला.

पुढे 1994 मध्ये राज्याच्या आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि नसबंदी ही पंचसूत्री गावाने मान्य केली. काम करण्यासाठी जी संस्था झाली तिला ग्रामदैवताचेच नाव दिले गेले : यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्था. देवाचे नाव पाण्याच्या कामाला लागले, हे या स्मरणिकेत आवर्जून नमूद करण्यासारखे आहे.

कामास रोजगार हमीचा आधार होता. बहात्तरच्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये केला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आणला. कागदावर ही योजना इतर गावांना होती तशीच हिवऱ्यास होती. फरक पडला तो मजुरी कोठे ओतली यात. गावाने ती डोंगरावर ओतली. उतारावर सुमारे 40,000 चर खणले गेले. ओढ्यांवर मातीचे व दगडी बांध, पाझर तलाव, साठवण बंधारे झाले. झाडे लावली आणि चराईबंदीने ती राखली. पळणारे पाणी चालू लागले, चालणारे पाणी थांबले, थांबलेले पाणी जमिनीत मुरले. मग खालच्या विहिरींना उमाळे फुटले.

म्हणजे दुष्काळी मजुरीने तिसऱ्यांदा काम केले. पहिल्या वेळी तिने लोहमार्ग घातला, दुसऱ्या वेळी सडक केली आणि तिसऱ्या वेळी डोंगर बांधला. पहिल्या दोन कामांनी जाण्याची सोय झाली. तिसऱ्या कामाने राहण्याची सोय झाली. राहण्याची सोय झाली तेव्हाच पहिल्या दोन वाटांचे खरे मोल कळले, कारण त्याच वाटांनी आता येताही येऊ लागले.

परतीची वाट

आकडे पाहू. 1995 च्या सुमारास गावात 182 कुटुंबे होती व त्यांपैकी 168 दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांनी दारिद्र्यरेषेखाली केवळ 3 कुटुंबे उरली. विहिरी 90 होत्या त्या 294 झाल्या. दूध दिवसाला 150 लिटर निघे, ते काही हजार लिटरांवर गेले. बाहेर गेलेल्या कुटुंबांपैकी चाळीसहून अधिक परत आली आणि गावातील कुटुंबे दोनशेच्या वर गेली. शहरातील झोपडी सोडून माणूस गावी परततो, ही गोष्ट त्या काळात वर्तमानपत्रास बातमी वाटावी अशी होती.

दुधाचा आणि रस्त्याचा संबंध येथे ध्यानात घ्यावा. दूध थांबत नाही. कांदा-बटाटा चार दिवस ठेवता येईल. दूध सकाळचे सकाळी शहरात पोचले पाहिजे. चारा नव्हता तोवर रस्त्यावरून फक्त मजूर जात असे. चारा झाला, जनावरे वाढली, तेव्हा त्याच रस्त्यावरून पहाटे दुधाचे कॅन जाऊ लागले आणि संध्याकाळी पैसा गावात येऊ लागला. नगर सोळा-सतरा किलोमीटरवर आहे हे अंतर बदलले नाही. पूर्वी ते मजुरीचे अंतर होते, पुढे ते बाजारपेठेचे अंतर झाले.

पाणी आले म्हणून ते उधळले नाही, हे गावाचे दुसरे शहाणपण. शेतीसाठी बोअरवेल घ्यावयाची नाही, ऊस व केळी लावावयाची नाहीत, असे निर्बंध ग्रामसभेने घातले. दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडला जातो. प्रथम पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, आणि उरेल त्यावर पिके ठरतात. घरातील कर्ता जसा पगार हाती आल्यावर महिन्याचा हिशेब मांडतो, तसाच हा प्रकार. उत्तरेकडील तालुक्यांस कालवा मिळाला. हिवऱ्यास आभाळ तेवढेच मिळाले. पाऊस वाढला नाही, हिशेब सुधारला.

वस्तीचाही हिशेब गावाने ठेवला. नगर जिल्ह्याची लोकसंख्या 1971 मध्ये सुमारे 22 लाख 69 हजार होती. 2011 मध्ये ती 45,43,159 झाली. चाळीस वर्षांत दुप्पट. हिवरे बाजार मात्र शतक उलटल्यावरही साडेबारा-तेराशेच्या घरातच राहिले. माणसे परत येऊनही गाव फुगले नाही, याचे श्रेय पंचसूत्रीतील कुटुंबनियोजनासही दिले पाहिजे. मुलगी नकोशी होऊ नये म्हणून दुसऱ्या मुलीच्या शिक्षणाचा व लग्नाचा भार ग्रामपंचायतीने उचलण्याचे ठरविले. गावात मुसलमानाचे एकच घर. त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधून दिली. एक घर म्हणजेही गावच, ही समज यामागे होती. आकड्यात लहान असलेला मनुष्य मोजणीतून सुटू नये, हीच खरी शिरगणती.

आता रस्त्याने निराळीच माणसे येऊ लागली. देशातून आणि परदेशातून पाहुणे, विद्यार्थी, अधिकारी गाव पाहण्यास येतात. ज्या गावी बदली म्हणजे शिक्षा होती, तेथे नोकर लोक प्रशिक्षणास येतात. श्री. पवार यांना 2020 सालचा पद्मश्री किताब जाहीर झाला. 2021 च्या कोरोनाच्या साथीत येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवून गाव मे महिन्यात कोरोनामुक्त झाले. रस्ता उघडा ठेवावा, पण त्यावरून काय येते याचे भान असावे, हा धडा त्या वेळी पुन्हा एकदा मिळाला.

पुढील मोजणीपूर्वी

2021 ची जनगणना साथीमुळे लांबली; पुढची 2027 मध्ये व्हावयाची आहे. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्या नावाने होणारी ही पहिली जनगणना असेल. त्या वेळी घरोघर मोजणारा येईल, तेव्हा हिवऱ्यात किती दारे उघडी सापडतील, याची काळजी पूर्वीइतकी करण्याचे कारण नाही. परंतु काळजीचे कारण अगदीच संपले असेही नाही. शिकलेली मुले-मुली आजही शहराकडे जातात व जाणारच. जाण्यात वाईट काही नाही. देवळाच्या वर्गणीच्या यादीत बाहेरगावच्या नावांचा वाटा किती असतो, हे प्रत्येक गाव जाणते. पोटासाठी नाइलाजाने जाणे निराळे आणि परतीची वाट राखून हौसेने जाणे निराळे.

मोठा धोका आता दुसराच आहे. शहर जवळ, रस्ता चांगला, पाणी मुबलक आणि नाव झालेले. अशा गावची जमीन विकत घेण्यास बाहेरचा पैसा टपलेला असतो. जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही, हा गावाचा निर्णय म्हणूनच मोलाचा आहे. ज्या डोंगरावर गावाने घाम गाळला त्याच्या पायथ्याशी उद्या परक्यांची कुंपणे उभी राहिली, तर चर, बांध, ताळेबंद हे सारे कोणासाठी केले, असा प्रश्न येईल. रस्त्याने गेलेला माणूस परत येऊ शकतो, हे हिवऱ्याने सिद्ध केले आहे. विकलेली जमीन परत आल्याचे उदाहरण फार क्वचित सापडते.

देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे जुना पाया तोच ठेवून वरचे बांधकाम नवे करणे. गावाचा जीर्णोद्धारही असाच झाला. पाऊस तोच, डोंगर तोच, नगरची वाटही तीच. माणसांनी एकमेकांस दिलेला शब्द तेवढा नवा होता. तो शब्द पुढील पिढीने राखावा. यशवंतबाबांच्या दारी लावलेला दिवा पाहण्यास गावात माणूस असावा, बाहेर गेलेल्यास त्या दिव्याकडे येण्याची वाट मोकळी असावी, आणि पुढच्या जीर्णोद्धाराच्या वेळी वर्गणीची यादी करणाऱ्यांस एकाही घराला कायमचे कुलूप दिसू नये, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.